आधी मांड, मग लगाम

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

मराठी माणूस घोड्यावरून उतरला त्याला बराच काळ लोटला. त्याची भाषा मात्र अजून उतरायला तयार नाही. परीक्षा जवळ आली की आपण घोडामैदान जवळच आहे म्हणतो. काम अडलं की घोडं कुठे पेंड खातंय ते शोधतो. कार्यालयात नको तितकी माणसं भरली की ती खोगीरभरती. खर्चाला लगाम घालायचा असतो आणि एखादा पुढारी खुर्चीवर मांड ठोकून बसलेला असतो. पण खोगीर नेमकं कुठे बसतं, लगाम घोड्याच्या तोंडात कशावर टेकतो आणि मांड म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आपण गप्प होतो. सीताबर्डीच्या मेन रोडवर आपल्याला घोडा भेटतो तो वरातीतला. त्याच्या पाठीवर नवरदेव बसलेला असतो, पण त्याला मांड नसते. घोड्याच्या तोंडाशी धरलेली दोरी मालकाच्या हातात असते, म्हणून सगळं निभावून जातं.

मला आज या एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. मांड म्हणजे घोड्यावरची बैठक. हातांनी कशालाही न धरता, घोड्याच्या हालचालीबरोबर तोल सांभाळत बसता येणं म्हणजे मांड. घोडेस्वारीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे, आणि आज शिकवणाऱ्यांकडून आणि शिकणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त घाई होते ती इथेच.

मी मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. पहिल्या दिवशी पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती दिवसांत दौडायला लागेल?” उन्हाळ्याची सुटी दीड महिन्याची, त्यात पोहणं उरकायचं, चित्रकला उरकायची आणि घोडाही उरकायचा. यात पालकांचा दोष नाही. दहा दिवसांत दौड शिकवणारेही सापडतात, आणि मूल खरोखरच दौडतं. घोडा दौडतो आणि मूल लगामाला लोंबकळत वर टिकून राहतं, एवढाच त्याचा अर्थ असतो. या लोंबकळण्याची किंमत कोण देतं, ते समजून घेण्यासाठी आधी घोड्याच्या तोंडात डोकवावं लागेल.

घोड्याच्या तोंडात पुढे कापणारे दात असतात आणि मागे दाढा. या दोहोंच्या मधे, खालच्या जबड्यावर, दात नसलेली मोकळी जागा असते. लगामाचा लोखंडी दांडा याच जागेवर आणि जिभेवर टेकतो. तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज काही नाही. आपल्या नडगीवर खाटेचा कोपरा लागला तर काय होतं ते आठवा, म्हणजे कल्पना येईल. अशा जागेवर पस्तीस-चाळीस किलोचं मूल दर पावलाला आपला तोल लटकवतं. घोडा बोलत नाही. तो मान वर करतो, तोंड उघडतो, डोकं झटकतो. मग आपण म्हणतो, घोडा हट्टी आहे, लगाम आणखी कडक घाला. काही ठिकाणी तर काटेरी लगाम वापरले जातात. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांनी अशा काटेरी साधनांना केव्हाच मनाई केली आहे, तरी ते अजून सापडतात. कडक लगाम बहुतेक वेळा स्वाराची कच्ची बैठक झाकायला आलेला असतो.

दुसरी किंमत पाठ देते. घोड्याची पाठ पुलासारखी आहे. चार पायांच्या खांबांवर कणा आडवा पसरलेला, आणि स्वार बसतो तो नेमका मधे, जिथे खालून आधार नाही. ते वजन पेलतात पाठीचे आणि पोटाचे स्नायू. घोडा दुडक्या चालीने चालतो तेव्हा समोरासमोरच्या तिरप्या पायांची जोडी एकदम पडते, म्हणून या चालीला दोन ठोके. मिनिटाला साधारण दीडशे ठोके पडतात. बैठक कच्ची असेल तर प्रत्येक ठोक्याला स्वार उडतो आणि धप्पकन खोगिरावर आपटतो. दहा मिनिटांत दीड हजार धपके. मग घोडा पाठ खाली दाबून घेतो, मान ताठ करतो, पावलं आखूड टाकू लागतो. अशा ताठ पाठीवर बसणं आणखी कठीण, म्हणून मूल आणखी उडतं आणि लगाम आणखी ओढतं. हे चक्र एकदा सुरू झालं की घोडाही बिघडतो आणि स्वारही.

यावरचा उपाय जुना आहे आणि अगदी साधा आहे. मुलाच्या हातात लगाम द्यायचाच नाही. शिक्षक मधे उभा राहतो, घोडा लांब दोरीवर त्याच्याभोवती गोल फिरतो आणि मूल नुसतं बसतं. घोड्याला चालवणं, वळवणं, थांबवणं हे सगळं शिक्षकाचं काम. मुलाचं काम एकच, बसणं. पुढे रिकिबीही काढून टाकतात. मग हात बाजूला पसर, कमरेवर ठेव, वाकून डाव्या हाताने उजव्या पायाचा अंगठा धर, डोळे मीट आणि डावा मागचा पाय केव्हा उचलला जातो ते सांग, असे खेळ चालतात. हा शेवटचा खेळ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला डोळे मिटून घोड्याचा पाय कळतो, त्याची मांड बसायला लागली असं समजावं.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथे घोडेस्वारीची एक जगप्रसिद्ध शाळा आहे. तिचा उल्लेख १५७२ पासून सापडतो आणि १७३५ साली पूर्ण झालेल्या तिच्या भव्य इमारतीत आजही पांढऱ्या लिपिझान घोड्यांची तालीम चालते. तिथे दाखल झालेला विद्यार्थी महिनोन्महिने असाच दोरीवरच्या घोड्यावर, लगाम आणि रिकिबीशिवाय बसतो. त्याला शिकवणारा घोडा वयस्क आणि मुरलेला असतो. कोवळ्या घोड्याला मुरलेला स्वार शिकवतो आणि कोवळ्या स्वाराला मुरलेला घोडा. दोघेही कच्चे एकत्र आणायचे नाहीत, हा तिथला दंडक. घोड्यालाही घाई नसते. साधारण चौथ्या वर्षी त्याचं शिक्षण सुरू होतं आणि पूर्ण व्हायला काही वर्षं जातात.

हा विचार युरोपातही नवा नव्हता. ग्रीसमधल्या झेनोफन नावाच्या लढवय्या लेखकाने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. रागाच्या भरात घोड्याच्या वाटेला जाऊ नये, असं तो त्यात बजावतो. पुढे फ्रान्समधल्या ला गेरिनिएरच्या १७३३ च्या ग्रंथाने या विद्येची घडी बसवली. विसाव्या शतकात जर्मन घोडदळाच्या नियमपुस्तकांतून घोड्याच्या शिक्षणाच्या सहा पायऱ्या तयार झाल्या: आधी पावलांचा ताल, मग अंगाचा सैलपणा, मग लगामाशी हलका, अखंड संबंध, मग मागच्या पायांतला जोर, मग शरीराचा सरळपणा आणि शेवटी सगळी ताकद एकवटून उचललेली डौलदार चाल. या सहा गोष्टींपेक्षा त्यांचा क्रम जास्त महत्त्वाचा आहे. लगाम तिसऱ्या पायरीवर आहे, पहिल्या नाही. ज्याचा ताल बिघडला त्याला एक पायरी खाली आणायचं, यात कमीपणा नाही.

आपल्याकडेही ही विद्या होती. शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्येची मोठी परंपरा आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात घोड्यावरून खेळायच्या चेंडूच्या खेळावर स्वतंत्र प्रकरण आहे. मराठ्यांच्या लष्करात सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची शेती आणि त्याचं दुकान. घोडा मोडला की त्याचा संसार मोडला. घोड्याला राखून वापरायचं शहाणपण त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

पाया म्हणजे काय याचं मला माहीत असलेलं सर्वोत्तम मराठी उदाहरण एका पत्रात आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या हलवर्ण इथे छावणीला असलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना हे पत्र लिहिलं. त्यात लढाईचं नाव नाही. दाणागोटा आणि वैरण आताच बेहिशेबी उडवाल तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी पडतील आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. गवताच्या गंज्यांजवळ विस्तव आणि दिवा सांभाळायलाही त्यात बजावलं आहे. एवढा मोठा राजा वैरणीच्या गंजीपर्यंत उतरतो, कारण उद्याची दौड आजच्या तोबऱ्यात असते हे त्याला ठाऊक होतं.

आता आपल्या सीताबर्डीकडे येऊ. आज टेकडीवर किल्ला आहे, पायथ्याशी बाजार आहे आणि मुंजे चौकात मेट्रोच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात. १८१७ साली इथे किल्ला नव्हता. दोन उघड्या टेकड्या आणि इंग्रज रेसिडेंटाची वसाहत होती. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि कंपनीचं सैन्य यांच्यात लढाई जुंपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. कंपनीचं सैन्य दीड हजाराच्या आत होतं; भोसल्यांचं त्याच्या कितीतरी पट. २७ तारखेला सकाळी भोसल्यांकडच्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि पारडं फिरलं. त्या वेळी कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन मैदानातल्या मोठ्या घोडदळावर चाल केली, त्यांची फळी फोडली आणि दोन तोफा काबीज केल्या. लढाईचा रंग तिथून बदलला.

हा आपल्या पराभवाचा प्रसंग आहे आणि त्याची कारणं अनेक आहेत; ती सगळी घोड्याच्या पाठीवर लादणं बरोबर नाही. पण एक गोष्ट घोडेस्वाराच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. फिट्झजेराल्डचे बहुतेक स्वार याच देशातले होते. घोडे आणि माणसं दोन्ही बाजूंना शूर होती. पण शेकडो घोडे भरधाव सोडून त्यांची रांग टिकवणं, ठरल्या जागी पोचल्यावर त्यांना आवरणं, वळवणं, हे शौर्याने साधत नाही. ते रोजच्या कवायतीतून साधतं. एका हातात तलवार असते, दुसऱ्या हातात लगाम सैल असतो आणि घोडा सगळा बैठकीवर चालवायचा असतो. भरधाव सुटणं कोणत्याही घोड्याला येतं. थांबणं शिकवावं लागतं.

मुंजे चौक ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असतील, आहेत. पण मध्यमवर्गीय मराठी मुलाला घोड्यावर बसवणारी शाळा त्यांनी उभी केली, आणि घोडेस्वारी हा तिथल्या शिक्षणाचा भाग राहिला. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही छात्रांना घोड्यावर बसावं लागतं, मग तो पुढे रणगाड्यात जावो की जहाजावर. मुंबईत महालक्ष्मीला १९४२ पासून हौशी स्वारांचा क्लब आहे. म्हणजे मराठी मुलखातून घोडा अगदीच गेलेला नाही.

आणि या जुन्या, सावकाश विद्येचं फळ अलीकडेच सगळ्या देशाने पाहिलं. चीनमध्ये हांगझो इथे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं आपलं यापूर्वीचं आशियाई सुवर्ण १९८२ चं, दिल्लीचं. मधे एकेचाळीस वर्षं गेली. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा हे चौघे त्या संघात होते. ड्रेसाजमध्ये उड्या नाहीत, शर्यत नाही. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद आखाड्यात घोडा चालतो, दुडकतो, संथ दौडतो, थांबतो, वळतो, आणि पंच प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. ज्या गोष्टी आपण पहिल्या महिन्यात उरकून टाकू पाहतो, त्यांचीच ही परीक्षा. या मुलांनी त्यासाठी घर सोडून युरोपात वर्षानुवर्षं तालीम केली.

आपल्या मुलाला पदक मिळवायचं नसेल, तरीही पाया लागतोच. एक प्रसंग सांगतो. एका मुलीला तीन आठवडे मी दोरीवरच ठेवलं होतं. वडील रोज कुंपणाशी उभे असायचे. एके दिवशी म्हणाले, “काय हो सर, पोरगी नुसती गोल-गोल फिरून राहिली! पैसे काय गोल फिरायचे देऊन राहिलो का मी?” मी म्हटलं, आणखी थोडे दिवस द्या. ते नाराजीनेच कबूल झाले. पुढे तिच्या हाती लगाम आला, आणि एका सकाळी शेजारच्या मंगल कार्यालयात फटाक्यांची लड लागली. घोडा जागच्या जागी बाजूला उडाला. अशा वेळी कच्चा स्वार दोन गोष्टी करतो: टाचा आवळतो आणि लगाम खेचतो. म्हणजे घोड्याला एकाच वेळी पळ आणि थांब असं सांगतो. घाबरलेलं जनावर यावर उधळणार नाही तर काय करणार? या मुलीने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. ती घोड्याबरोबर बाजूला गेली, त्याच्याबरोबर परत आली आणि मानेवर हात ठेवून बसून राहिली. घोडा दोनदा फुरफुरला आणि चालू लागला. वडील त्यानंतर कुंपणाशी उभे राहायचे, पण दोरीबद्दल बोलले नाहीत.

आता लगाम हाती आल्यावरचा एक नियम. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. लगाम हलकेच धरला, घोडा थांबला, की त्याच क्षणी बोटं सैल झाली पाहिजेत. त्या सैल होण्यातून त्याला कळतं की आपण बरोबर केलं. बोटं दोन सेकंद उशिरा सुटली तर धडा चुकीचा जातो, आणि सुटलीच नाहीत तर घोडा तोंड बधिर करून घेतो. मग त्याला आपण तोंडाचा कडक म्हणतो. योग्य क्षणी बोटं सोडायला हात मोकळा लागतो, आणि तोल ज्याने लगामावर टांगला आहे त्याचा हात मोकळा कसा असेल? म्हणून आधी मांड.

मुलाला कुठे शिकायला घालायचं असेल तर पालकांनी एखाद्या सकाळी न सांगता तिथे जाऊन उभं राहावं. खोगीर काढल्यावर घोड्याच्या पाठीवर, तंगाच्या जागी आणि ओठांच्या कोपऱ्यांत जखमा किंवा पांढरे डाग आहेत का ते पाहावं. स्वार चढताना घोडा शांत उभा राहतो का? मुलांच्या डोक्यावर पट्टा लावलेलं शिरस्त्राण आणि पायात टाच असलेले बूट आहेत का? खरारा करणं, खूर साफ करणं, पाणी पाजणं हे मुलांकडून करून घेतात, की मूल थेट पाठीवर बसतं आणि उतरून गाडीत जातं? घोड्याला अगदी मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत जायचं, हे पहिल्या दिवशी सांगतात का? त्याच्यापुढे दिवसभर वैरण असते का? घोड्याचं पोट लहान; त्याला थोडं-थोडं सतत खायला लागतं. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, नऊनंतरही घोडे राबवत असतील तर तिथून परत यावं. घोडा महागडा नसला तरी चालेल. भीमेच्या खोऱ्यातलं, धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारं भीमथडी तट्टूही शहाणं आणि शांत असेल तर उत्तम गुरू होतं.

राहिला तो पहिला प्रश्न, किती दिवसांत. त्याचं उत्तर दिवसांत देता येत नाही. पण प्रगती ओळखायची एक खूण आहे. तास संपल्यावर आपण सगळे मुलाकडे पाहतो, त्याचे फोटो काढतो. त्याऐवजी घोड्याकडे पाहावं. त्याची मान खाली, सैल असेल, जबडा हलकेच चावल्यासारखा हलत असेल, पाठीवरून हात फिरवल्यावर तो दचकत नसेल, तर मूल शिकतं आहे. तो ताठ उभा असेल, कान मागे टाकून असेल, तर दौड कितीही छान दिसली असो, दुसऱ्या दिवशी मुलाला परत दोरीवर घ्यायला सांगा.